'देव पाठीशी आहे' म्हणतात. तुम्हाला ते कधी, कशावरून जाणवलं?

उंबरठा
इतके दिवस नुसतीच वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. एका दिवसाआड डायलिसिस. तो चार तास आत यंत्राला जोडलेला, मी बाहेर खुर्चीत. माझी किडनी त्याला चालत नाही, तपासण्या झाल्या. नाव प्रतीक्षा यादीत आहे. दिवसभरात त्याने किती पाणी प्यायचं ते ठरलेलं. सकाळी तेवढंच एका बाटलीत भरून ठेवतो आणि संध्याकाळी तो त्या बाटलीकडे ज्या नजरेने बघतो ते बघवत नाही.

माझी देवावर श्रद्धा आहे, लहानपणापासून. तेव्हा 'देव आहे की नाही' हा माझा प्रश्नच नाही. त्यावर इथे ढीगभर धागे आहेत आणि सगळे भांडणात संपलेत. मला विचारायचंय ते वेगळं. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना 'देव पाठीशी आहे' म्हणून जातो. पाठीशी म्हणजे कुठे? हात जोडून बसले तर आतून काहीच येत नाही. पूर्वी यायचं. ज्यांनी असा लांबलेला काळ काढलाय आणि तरी ज्यांची श्रद्धा टिकली त्यांनी सांगा, कशाला धरून राहिलात?

'सकारात्मक राहा' कृपया नको. त्याचा घरी भरपूर साठा आहे.

पाऊलवाट
वाचलं. काय लिहावं ते सुचत नाहीये, पण तसंच पुढे जाववेना म्हणून ही पोच.

नित्यनेम
ताई, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. जे होतं ते भल्यासाठीच, आज कळत नाही, पुढे कळेल. नामस्मरण सोडू नका. सगळं ठीक होईल.

तिरपागडे
मग त्याला म्हणावं, थोडे दिवस दुसऱ्या कुणावर प्रेम कर. (हलकेच घ्या.)

गंमत सोडा, पण बहिणीची परीक्षा घ्यायची म्हणून भावाच्या किडन्या घालवायच्या, हे मला कधीच कळलेलं नाही. त्याला कुणी विचारलं होतं का?

नित्यनेम
@तिरपागडे, शब्दाचा कीस पाडायचा तर पाडा. माझ्या अपघातानंतर पाय राहतो की जातो अशी वेळ होती, तेव्हा मी हाच विचार धरून उभा राहिलो. मला उपयोग झाला म्हणून सांगितलं. ताईंना पटलं तर घेतील.

शेवंती
नित्यनेम, स्वतःच्या दुखण्याबद्दल असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल तेच म्हटलं की गडबड होते. मी ख्रिस्ती आहे. आमच्या बायबलात ईयोबाची गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगते, कारण ती धाग्याच्या विषयाला अगदी चिकटून आहे.

ईयोब सज्जन माणूस. गुरंढोरं, मुलंबाळं, तब्येत, सगळं जातं. तीन मित्र भेटायला येतात. त्याला बघून त्यांना रडू फुटतं आणि सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसतं. इथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. आठवडाभराने तोंड उघडतात आणि सगळा घोटाळा होतो. तूच काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच शिक्षा देत नाही, वगैरे. पुढची कितीतरी पानं हेच. ईयोब मात्र देवाशी सरळ वाद घालतो. मला उत्तर दे म्हणतो. शेवटी देव बोलतो तेव्हा कोणावर चिडतो? देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो.

आणि 'हे माझ्याच वाट्याला का' याचं उत्तर ईयोबाला शेवटपर्यंत मिळत नाही. देव येतो, बोलतो, कारण मात्र सांगत नाही. लहानपणी मला ही पळवाट वाटायची. नवरा गेला त्यानंतर वाटेनाशी झाली. तेव्हा कुणी कारण आणून हातात ठेवलं असतं तरी मी त्याचं काय करणार होते?

गप्पीदास
म्हणजे पहिला प्रतिसाद पाऊलवाट यांचा, तोच सर्वोत्तम. धागा बंद करायला हरकत नाही.

विदा_हवा
मी नास्तिक. धागाकर्तीने प्रश्न श्रद्धावानांना विचारलाय हे मान्य, तरी एक शंका. पेशंट बरा झाला की देवाची कृपा, नाही झाला की देवाची इच्छा. मग काय घडलं तर तुम्ही म्हणाल की देव सोबत नव्हता? असं काहीच नसेल तर 'सोबत आहे' या विधानाला अर्थ काय उरतो? कुणाला दुखवायचं नाही, खरंच विचारतोय.

नित्यनेम
सुरू झालं. दुःखाच्या धाग्यावरही यांना विदा, म्हणजे डेटा, हवा.

तिरपागडे
आयडीच तो आहे हो, ते तरी काय करणार.

व्यवस्थापक
वैयक्तिक शेरे नकोत. धागा चांगला चालला आहे, तसाच राहू द्या.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. विदा_हवा यांच्या प्रश्नाचं तत्त्वज्ञानातलं उत्तर माझ्याकडे नाही, जे बघते ते सांगते.

रात्री दोन-अडीचला बाहेरच्या बाकावर नातेवाईक बसलेले असतात. कुणी जप करतं, कुणी तसबीह ओढतं, कुणाच्या हातात रोझरी. बरेचजण मोबाईलकडे बघत असतात, पण त्यावर बोट फिरत नसतं. इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की 'चमत्कार होणारच' असं छातीठोक सांगणारे सगळ्यात आधी कोसळतात. रिपोर्ट वाईट आला की त्यांच्या पायाखालची जमीनच जाते, कारण त्यांनी सगळा देव त्या रिपोर्टवर लावलेला असतो. टिकतात ते वेगळेच. एक आजोबा होते. बायको आत. रोज पहाटे विचारायचे, "रात्री ती एकटी नव्हती ना?" बरी होईल का, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी म्हणायचे, नाही, मी होते. त्यावर ते हात जोडायचे. मला नव्हे, वर बघून. पहिल्यांदा थोडा रागच आला, काम मी केलं आणि श्रेय वर! नंतर लक्षात आलं की त्यांच्या लेखी ती दोन कामं वेगळी नव्हतीच.

आजी गेल्या. आजोबा नंतर एकदा येऊन सगळ्यांना भेटून गेले.

उंबरठा, चार तास बाहेर बसता तेव्हा काही खाता का?

उंबरठा
@रात्रपाळी, नाही. तो आत काही खात नाही मग मला जात नाही.

रात्रपाळी
खात जा. हा सल्ला नाही, ऑर्डर आहे.

शेवंती
रात्रपाळींनी विषय काढलाच आहे तर एलीयाचं सांगते. मोठा संदेष्टा, पण जिवावर बेतलं तेव्हा रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि झोपला. अशा माणसाला देवाने काय सांगावं? ना 'विश्वास कमी पडला', ना 'परीक्षा आहे'. देवदूत येऊन त्याला हलवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा मोगा. तो खातो आणि परत झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच, ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही. उपदेश नाहीच. देव त्याच्याशी मंद स्वरात बोलतो तो प्रसिद्ध प्रसंग त्यानंतर कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. आधी जेवण, मग झोप, मग पुन्हा जेवण.

टाळकरी
वा, शेवंती. हे वाचून मला आमची जनाबाई आठवली. जनी दळायला बसली की विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो. आपण हे इतक्या लहानपणापासून ऐकतो की त्यातलं नवल निघून जातं. जनी दासी होती. देवाने तिला दासीपणातून सोडवलं असं कुणी सांगत नाही. दळण तेवढंच राहिलं. खुंट्याला आणखी एक हात आला, इतकंच.

उंबरठाताई, 'पाठीशी म्हणजे कुठे' असं तुम्ही विचारलंत. संतांचं उत्तर बघितलं तर देव पाठीशी नसतोच, समोर बसलेला असतो, जात्याच्या पलीकडे.

आणि भांडायचं तर खुशाल भांडा. जनी त्याला घालून पाडून बोलते, नामदेव रुसतात. तुकोबांचं तर विचारूच नका. 1630 च्या आसपासचा तो भीषण दुष्काळ, त्यात थोरली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. दिवाळं निघालं ते बरंच झालं असं तुकोबा पुढे म्हणतात, तेवढंच लोक उचलतात आणि दुसऱ्याला ऐकवतात. पण ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बोलताहेत, आणि दुष्काळ सरल्यावर. दुष्काळात उपाशी बसलेल्या शेजाऱ्याला 'बरं झालं' म्हणायला ते गेले नाहीत. उलट लोकांकडून येणं होतं त्याची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात.

नित्यनेम
@टाळकरी, म्हणजे शेवटी 'बरे झाले' हेच खरं ना? मी तेच म्हणत होतो.

टाळकरी
खरं आहे, पण ते कोण म्हणतो आणि कधी म्हणतो यावर सगळं आहे. भावाने स्वतः उद्या म्हटलं तर मी मान डोलावीन. त्याच्या वतीने मी म्हणणार नाही.

गप्पीदास
अवांतर: रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'देव संकट देतो तशी ताकदही देतो' असं पाठवणाऱ्या काकांना हा धागा कसा पाठवावा? काका आमच्या फॅमिली ग्रुपचे ॲडमिन आहेत.

तिरपागडे
त्यांना म्हणावं संकट कमी दिलं तर ताकदही कमी लागेल, दोन्हीकडे बचत.

अर्धा_पेला
इथे सगळे टिकलेल्यांचे प्रतिसाद आहेत म्हणून एक न टिकलेल्याचा. आईसाठी खूप प्रार्थना केली. उपास, पारायणं, सगळं. ती गेली. त्यानंतर माझी श्रद्धा हळूहळू विरली. भांडण वगैरे नाही, नुसती विरली. आता मी विदा_हवा यांच्या बाजूचा म्हणा. फक्त एक सांगतो, टाळकरींनी लिहिलेलं ते भांडणं... त्याची मात्र आठवण येते. आता राग आला तर कुणावर काढायचा हे ठरत नाही.

पाऊलवाट
@अर्धा_पेला, हेही इथे लिहिलंत ते बरं झालं.

विदा_हवा
अर्धा_पेला, +1.

या धाग्यात मदर तेरेसा अजून कशा आल्या नाहीत याचं आश्चर्य वाटतं. 1997 मध्ये त्या गेल्या, 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रं छापून आली. त्यात दिसतं की आयुष्यातली कित्येक दशकं त्यांना देवाची जाणीव जवळजवळ होतच नव्हती. आत पोकळी, अंधार, असंच त्या लिहितात. सगळं जग ज्यांना देवाच्या जवळचं समजत होतं त्यांनाच जाणवत नव्हता. माझ्या मते हा पुरावा तुमच्या विरुद्ध जातो.

शेवंती
@विदा_हवा, किंवा जाणवणं हीच कसोटी धरली तर चूक होते याचा तो पुरावा आहे. काही जाणवत नसताना त्या उठत राहिल्या, प्रार्थना करत राहिल्या, मरणाऱ्यांपाशी बसत राहिल्या. तुम्ही म्हणाल ही सवय. मी निष्ठा म्हणेन. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हे कबूल. त्यामुळे तुम्हाला पटवायला माझ्याकडे काही नाही आणि तुम्ही पटवून घ्यावं अशी अपेक्षाही नाही.

पण उंबरठा यांच्या 'आतून काहीच येत नाही' याबद्दल थोडं. आमच्या बायबलातल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी चक्क तक्रारी आहेत. किती दिवस विसरणार, तोंड का लपवतोस, झोपलास का. बहुतेकांना शेवटी आशेचं वळण मिळतं. 88 व्याला तेही मिळत नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते कुणी काढून टाकलं नाही. हजारो वर्षं लोक ते प्रार्थना म्हणूनच म्हणताहेत. स्वतःचे शब्द येत नसतील तर उसने घ्यावेत, त्यासाठीच ते आहेत.

बायबलातल्याच विलापगीताचंही तेच. यरुशलेम पडलं, इ.स.पू. 586 च्या सुमारास, मंदिर जळलं, लोकांना पकडून नेलं, त्यावरची ही पाच गीतं. देवाची दया रोज सकाळी नवी होते, त्याचं विश्वासूपण थोर आहे, ही ओळ त्यातलीच, आमच्याकडे भिंतीभिंतींवर असते. भिंतीवर लावणारे हे सांगत नाहीत की ती तिसऱ्या गीताच्या मध्यावर आहे. तिच्या आधी विध्वंस आणि तिच्या नंतर पुन्हा विध्वंस. पाचवं गीत संपतं तेही 'तू आम्हांला कायमचं टाकलंस का' अशा सुरात. म्हणजे लिहिणारा आशेपाशी पोचून तिथे राहिला नाही, तिथून परत रडायला गेला. मला यातच खरेपणा वाटतो. शिवाय पहिली चारही गीतं हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. घर जळत असताना माणूस मुळाक्षरं धरून चाललाय! काहीतरी क्रम हवा होता त्याला हाताला धरायला.

तिरपागडे
शेवटचा परिच्छेद आवडला. माझी आजी शेवटच्या आजारात पाढे म्हणायची. देवाचं नाव घे म्हटलं की म्हणायची, त्याला पाढे चालतात.

गप्पीदास
आजी ग्रेट!

रात्रपाळी
एक कोरडी गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल. लांबलेल्या आजारपणात सेवा करणारा माणूस जेव्हा 'देव जाणवत नाही' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला काहीच जाणवत नसतं. भूक नाही, चव नाही, गाणं नको. तो श्रद्धेचा प्रश्न असेलच असं नाही, शरीर थकलेलं असतं. झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल किंवा मुळीच येत नसेल तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. देवावरचा अविश्वास होत नाही तो. एलीयालाही आधी झोपवलंच ना?

नित्यनेम
हे अगदी योग्य लिहिलंत. मलाही अपघातानंतर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या घेत होतो आणि नामही घेत होतो. देवाने तक्रार केली नाही.

उंबरठा
सगळे प्रतिसाद वाचले. काही खुर्चीत बसून, काही रात्री. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमणार नाही, राग मानू नका.

नित्यनेम, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून मी फोन उलटा ठेवला होता. पायाचं वाचल्यावर परत सरळ केला.

विदा_हवा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण 'काय घडलं तर म्हणाल की देव सोबत नव्हता' हे डोक्यात राहिलं. विचार केला तर मनात आलं, भाऊ आत एकटा असता तर मी तसं म्हणाले असते. तो एकटा नसतो. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक काका असतात, त्यांचं डायलिसिस त्याच वेळेला असतं. भावाची सुई टोचायची वेळ आली की ते मुद्दाम क्रिकेटचा विषय काढतात. त्यांना क्रिकेटमधलं काहीही कळत नाही. परवा ते कुठल्या तरी बॉलरला विकेटकीपर म्हणाले आणि भाऊ इतका हसला की टेक्निशियन ताईंना थांबावं लागलं. हे तुमच्या हिशेबात बसत नाही ठाऊक आहे. माझ्या हिशेबात बसवायचं की नाही ते माझं मी बघते.

भावाला धागा वाचून दाखवला. जनाबाईचं ऐकून म्हणाला, "मग त्याला सांग बाटलीतलं अर्धं पाणी तू पिऊ नकोस म्हणावं." शेवंतीताई, 88 वं स्तोत्र मी शोधून वाचलं. मी तुमच्या धर्माची नाही, तरी काल तेच म्हटलं. म्हणून झाल्यावर बरं वाटलं असं नाही. पण बसल्या जागी काहीतरी म्हणता आलं, बऱ्याच दिवसांनी.

आणि हो, डबा न्यायला लागलेय.

अर्धा_पेला
त्या काकांना माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी
उंबरठा, भावाला तहानेसाठी एक सांगा. ठरलेल्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि एकेक खडा तोंडात धरायचा, घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो. बर्फही मापातच धरायचा हां. जेवणात मीठ किती चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या, निम्मी तहान मिठाची असते.

विदा_हवा
बर्फाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत.

नित्यनेम
चला, विदा_हवा कशाशी तरी सहमत झाले. चमत्कार म्हणतात तो हाच.

तिरपागडे
पुरावा मिळाला, आता पुढचा धागा काढा.

उंबरठा
हे शेवटचे दोन प्रतिसाद भावाने माझ्या हातातून फोन घेऊन वाचले. तो विचारतोय, इथे आयडी काढायला काय लागतं?